वृद्ध नट आणि त्याचे तरुण सोबती



सरकारी नोकराच्या निवृत्तीचा दिवस त्याच्या जन्मतारखेवरून ठरतो. वयाची ५८ वर्षे पुरी झाली की कचेरीत हारतुरे होतात, चार गोड शब्द बोलले जातात, शाल आणि श्रीफळ हाती पडते आणि दुसऱ्या दिवसापासून ते गृहस्थ घड्याळाच्या ताब्यातून सुटतात. शेतकऱ्यास असा दिवस ठाऊक नसतो. आमच्या कंधार तालुक्यात मन्याडच्या काठी ज्याची दोन-चार एकर जमीन आहे, तो हातापायांत त्राण असेपर्यंत बांधावर जातच असतो. औत मुलाच्या हाती गेले तरी तास सरळ पडले की वाकडे, हे सांगण्याचा हक्क तो सोडीत नाही. लोकसेवकाचीही तीच तऱ्हा. याच कंधारचे भाई केशवराव धोंडगे यांनी वयाची शंभरी गाठली तेव्हा ऑगस्ट २०२२ मध्ये विधिमंडळाने त्यांचा गौरव केला, आणि १ जानेवारी २०२३ रोजी ते निवर्तले. आम्हां कंधारकरांस ते अखेरपर्यंत ‘भाई’च होते, ‘निवृत्त भाई’ असा शब्दप्रयोग कोणी केल्याचे मी ऐकलेले नाही.

मग नटाचे काय? त्याने तोंडाचा रंग कायमचा कधी पुसावा, आणि तो दिवस कोणी ठरवावा? त्याने स्वतः, त्याच्या वैद्याने, प्रेक्षकाने, की सरकारने? हा प्रश्न वरवर पाहता चार नटांपुरता आहे असे वाटेल. परंतु ज्या ज्या घरात एखादा म्हातारा हात अजून कामास सरसावतो आणि तरुण हात त्यास ‘तुम्ही आता बसा’ असे म्हणतो, त्या त्या घराचा तो प्रश्न आहे. म्हणूनच आजच्या भाषणासाठी मी तो निवडला आहे.

प्रथम एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. सुताराची करवत बोथट झाली तर तो दुसरी आणतो. नटाचे हत्यार म्हणजे त्याचा देह आणि त्याचा कंठ. हे हत्यार झिजते आणि बदलून मिळत नाही. त्यातच दुसरी अडचण अशी की, प्रेक्षकाच्या मनात नटाचे जे रूप एकदा ठसलेले असते ते म्हातारे होत नाही. नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजे आपले बालगंधर्व, १८८८ साली जन्मले आणि १९१३ साली त्यांनी गंधर्व नाटक मंडळी उभारली. पन्नाशी ओलांडल्यावरही ते शालू नेसून रंगभूमीवर उभे राहत असत. टीकाकार हसले, कित्येकांस वाईट वाटले. तरीही डोळे मिटून ऐकणारा प्रेक्षक तिकीट काढून येतच होता. येथे हट्ट एकट्या नटाचा होता असे कसे म्हणावे? हट्ट दोघांचा होता. १९६७ साली बालगंधर्व गेले, आणि उतारवयात त्यांच्या देहास व संसारास जे सोसावे लागले ते महाराष्ट्र अजून हळहळत आठवतो. नटाने वेळीच थांबावे असा उपदेश ज्यास करावयाचा असेल, त्याने आधी हे उदाहरण पुढे ठेवावे.

परंतु याच नाटक मंडळ्यांच्या काळात वृद्ध नटासाठी एक सोय होती, ती आज विसरली गेली आहे. मंडळी म्हणजे एक फिरते कुटुंबच असे. एकाच बिऱ्हाडी राहणे, एकाच पंगतीस जेवणे, एकाच गाडीने पुढच्या गावी जाणे. दहा-बारा वर्षांचे पोर मंडळीत दाखल होई आणि जुन्या नटाच्या हाताखाली त्याचे शिक्षण सुरू होई. शब्द कोठे तोडावा, टाळी पडली तर किती थांबावे, सोबतचा नट विसरला तर त्यास कसे सावरून घ्यावे, हे सारे तो त्या वृद्धाजवळ राहून शिके. उलटपक्षी, नायक शोभेनासा झालेला नट पित्याच्या भूमिकेकडे वळे, तेथून ऋषीच्या, आणि अखेरीस पडद्यामागे जाऊन तालीम मास्तर होई. म्हणजे त्यास एका पायरीवरून दुसऱ्या पायरीवर उतरता येत असे; एकदम दाराबाहेर पडावे लागत नसे. १९३२ साली मराठी बोलपट आला, मंडळ्या एकामागून एक मोडल्या, आणि त्यांच्याबरोबर ही पायऱ्यांची वाटही मोडली.

आता आपण दूरचित्रवाणीच्या मालिकांकडे वळू. कंधारसारख्या गावात नाटकाचा चांगला प्रयोग वर्षातून एखादा येईल, न येईल. परंतु संध्याकाळी सात वाजल्यापासून घरोघर मालिका चालू असतात. त्यांत एक आजोबा किंवा एक आजी बहुधा असतेच. प्रेक्षक त्यांस नटनटी मानीतच नाहीत. ती माणसे आपल्याच ओसरीवर बसलेली आहेत, अशा जवळिकीने त्यांच्याविषयी बोलतात. २०१९ साली सुरू झालेल्या ‘अग्गंबाई सासूबाई’ या मालिकेतले करारी आजोबा आपणांपैकी पुष्कळांस आठवत असतील. विधवा सुनेने पुन्हा लग्न करावे ही कल्पनाच ज्यांस प्रथम असह्य होते, आणि पुढे हळूहळू ज्यांचे मन पालटते, असे ते आजोबा. ती भूमिका रवी पटवर्धन करीत. त्यांचा जन्म १९३७ सालचा. रिझर्व्ह बँकेतली नोकरी सांभाळून त्यांनी नाटके केली, चित्रपट केले, गावचे पाटील आणि करडे अधिकारी रंगविले. बँकेने त्यांस निवृत्त केले. रंगभूमीने केले नाही. रत्नाकर मतकरी यांच्या ‘आरण्यक’ नाटकात १९७० नंतरच्या दशकात त्यांनी धृतराष्ट्र उभा केला होता. तोच धृतराष्ट्र, चार दशके लोटल्यानंतर, वयाची ऐंशी ओलांडून ते पुन्हा उभा करू लागले, आणि त्या प्रयोगात दिलीप प्रभावळकरांसारख्या जुन्या सोबत्यांबरोबर अगदी नव्या पिढीतील कलावंतही होते. डिसेंबर २०२० मध्ये ते वारले.

वृद्ध नट आणि तरुण सोबती यांचा स्नेह कसा जडतो, हे समजण्यास मालिकेच्या कामाची रीत थोडी जाणून घेतली पाहिजे. पडद्यावर आपण सुमारे बावीस मिनिटांचा भाग पाहतो, परंतु तो आठवड्यातून पाच-सहा वेळा द्यावयाचा असतो. यास्तव चित्रीकरण रोज बारा-बारा तास चालते. संवादांचे कागद पुष्कळदा त्याच दिवशी हाती येतात. या बारा तासांपैकी नट प्रत्यक्ष कॅमेऱ्यापुढे थोडाच वेळ असतो. उरलेला वेळ वाट पाहण्यात जातो. दिवे लावले जात आहेत, कोणाची साडी बदलली जात आहे, बाहेर पाऊस पडतो म्हणून ध्वनिमुद्रण थांबले आहे. या रिकाम्या वेळातच रंगपटाच्या खोलीत जुनी बिऱ्हाडे पुन्हा मांडली जातात. वीस-बावीस वर्षांची मुलगी, जिला मुंबईस येऊन सहा महिने झाले आहेत आणि जिचे घर दोन-तीनशे कोसांवर आहे, ती पडद्यावरच्या आजोबांस पडद्यामागेही आजोबाच म्हणू लागते. त्यांचा डबा उघडला की तिचा हात त्यात जातो. आजोबा तिचा ‘ण’ सुधारतात; ती त्यांस भ्रमणध्वनीवर चित्रे कशी पाठवावीत हे शिकविते. वाक्य विसरले तर ती कागद डोळ्यांसमोर धरते, पण असा, की तिसऱ्यास दिसू नये.

या देवघेवीत वरचढ कोण, हे सांगणे कठीण आहे. तरुणास शिक्षण मिळते ही गोष्ट उघड आहे. परंतु वृद्धास जे मिळते त्याकडे आपले लक्ष जात नाही. घरी तो कोणाचा तरी पिता असतो, आजारी असतो, औषधाच्या वेळा पाळणारा असतो. चित्रीकरणाच्या जागी तो सहकारी असतो. त्याच्यावाचून दृश्य अडते. आपल्यावाचून कोठे काही अडते, ही जाणीव म्हातारपणी किती दुर्मिळ आणि किती बळ देणारी असते, हे ज्यास कळले त्यास वृद्ध नटाची अनिच्छा समजली. त्यास टाळ्यांचा लोभ असतो असे आपण म्हणतो. असेलही. परंतु मालिकेच्या चित्रीकरणात टाळ्या कोठे असतात? तेथे असते ती सोबत. निवृत्तीच्या विचाराने तो कचरतो तो बव्हंशी या सोबतीसाठी.

काही नट अर्धी वाट स्वतः उतरतात. विक्रम गोखले यांच्या घराण्यात अभिनय चार पिढ्यांचा. त्यांच्या पणजी दुर्गाबाई कामत आणि आजी कमलाबाई यांनी १९१३ साली, स्त्रिया चित्रपटात येण्यास तयार नसताना, ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये काम केले, वडील चंद्रकांत गोखले यांनी आयुष्य रंगभूमीस वाहिले. अशा घरातल्या माणसाने २०१६ साली घशाच्या विकारामुळे रंगभूमीवरून निवृत्त होत असल्याचे जाहीर केले. नाट्यगृहाच्या शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचविणे हा रंगभूमीचा धर्म. तो आता पाळता येणार नाही हे त्यांनी ओळखले. परंतु कॅमेऱ्यास व ध्वनिग्राहकास हळू आवाज पुरतो, म्हणून चित्रपट आणि मालिका त्यांनी सोडल्या नाहीत. नोव्हेंबर २०२२ मध्ये निधन झाले त्या वर्षीही ते मालिकेत दिसले होते. आपल्या हत्याराची परीक्षा आपणच करून, जे झेपत नाही ते सोडणे आणि जे झेपते ते धरून ठेवणे, याहून शहाणी निवृत्ती कोणती?

मात्र असा निर्णय नटाच्या हातून काढून घेतला गेला, असाही एक प्रसंग अलीकडे घडला. २०२० सालच्या महामारीत टाळेबंदीनंतर चित्रीकरणास परवानगी देताना राज्य शासनाने एक अट घातली: वयाची ६५ वर्षे उलटलेल्या कोणासही चित्रीकरणाच्या जागी येता येणार नाही. हेतू वाईट नव्हता. त्या रोगाने वृद्धांस अधिक धोका होता हे खरेच होते. पण त्या एका वाक्याने शेकडो आजोबा आणि आज्या घरी बसल्या. जे नामवंत होते त्यांस करमेना. जे लहानसहान भूमिका करून पोट भरीत होते त्यांची चूल अडली. अखेर सत्तरीतील एक नट मुंबईच्या उच्च न्यायालयात गेला. चाळीस वर्षे किरकोळ भूमिका करणारा माणूस. दुसरा धंदा त्यास येत नव्हता. न्यायालयाने विचारले की, ६५ वर्षांवरचा दुकानदार दुकान उघडू शकतो, मग नटानेच काय केले? आणि कमावण्यास बाहेर पडू दिले नाही, तर माणसाने मानाने जगावे कसे? ७ ऑगस्ट २०२० रोजी ती अट रद्द झाली.

येथेच भाषण संपविता आले असते, तर न्यायाचा विजय झाला असे म्हणून आपण सारे समाधानाने उठलो असतो. परंतु सत्य इतके सोपे नाही. पुढच्याच महिन्यात सातारा जिल्ह्यात ‘आई माझी काळुबाई’ या मालिकेचे चित्रीकरण चालले असता तेथे रोगाची लागण झाली. वीसहून अधिक जणांस बाधा झाली. त्यांत आशालता वाबगावकर होत्या. मूळच्या गोव्याच्या. १९६४ सालच्या ‘मत्स्यगंधा’ नाटकातले त्यांचे गाणे ज्यांनी ऐकले आहे त्यांच्या कानांतून ते गेलेले नाही; पुढे मराठी-हिंदी चित्रपटांत त्यांनी कितीतरी आया रंगविल्या. वय ऐंशीच्या घरात, तरी त्या कामावर गेल्या होत्या. त्या मालिकेच्या निर्मात्या अलका कुबल, वयाने त्यांच्या मुलीसारख्या. रुग्णालयातील त्या दिवसांत देखभालीस त्या पुढे होत्या. २२ सप्टेंबर २०२० रोजी आशालताबाई साताऱ्यात वारल्या आणि त्यांचा अंत्यविधीही तेथेच, मालिकेतील सोबत्यांच्या गावीच झाला.

मग शासनाची अट बरोबर होती काय? कित्येकांनी तसे म्हटले. मला तसे वाटत नाही. आणि न्यायालयाचा निर्णय देऊन सर्व काही झाले, असेही वाटत नाही. काम करावयाचे की नाही हे ठरविण्याचा हक्क वृद्धाचा. पण ते काम निर्धोकपणे करता येईल अशी व्यवस्था करणे हे इतरांचे कर्तव्य. पहिली गोष्ट दिली आणि दुसरी दिली नाही, तर तो हक्क म्हणजे म्हाताऱ्यास भरल्या नदीकाठी नेऊन ‘तुम्हांस पोहण्याची मोकळीक आहे’ असे सांगण्यासारखे होईल.

येथे कोणी आक्षेप घेईल की, वृद्धांनी जागा अडविल्या तर तरुणांनी पुढे यावे केव्हा? आक्षेप विचारार्ह आहे. वृद्धाची भूमिका वृद्धासच लागते असेही नाही. वि. वा. शिरवाडकरांचे ‘नटसम्राट’ १९७० साली रंगभूमीवर आले, तेव्हा वृद्ध गणपतराव बेलवलकर उभे करणारे डॉ. श्रीराम लागू अवघे ४३ वर्षांचे होते. तेव्हा केवळ पांढऱ्या केसांच्या बळावर जागा मागणे योग्य नव्हे. पण मालिकांच्या जगात वृद्ध नट नायकाची जागा अडवीत नाही. तो कोपऱ्यातली आरामखुर्ची मागतो. आणि त्या खुर्चीभोवती बसून जे शिकता येते ते कोणत्याही नाट्यशाळेत मिळत नाही.

‘नटसम्राट’चा उल्लेख आलाच आहे, तर त्या नाटकातील एक गोष्ट मुद्दाम सांगतो. बेलवलकरांची शोकान्तिका निवृत्तीने झाली असे आपण सहज म्हणतो. नीट पाहिले तर त्यांनी एकाच वेळी दोन गोष्टी सोडल्या. रंगभूमी सोडली, आणि जवळचा सारा पैसा व घर मुलांस वाटून दिले. काम गेले आणि आधारही गेला. मग जे उरले ते दुसऱ्याच्या मर्जीवर. आणि अखेरीस त्या वृद्धास माया कोणी दिली? पोटच्या मुलांनी नव्हे, तर रस्त्यावर बुटांस पॉलिश करणाऱ्या राजा नावाच्या पोराने. वृद्ध नटास तरुण सोबती लागतो, हे शिरवाडकरांनी केव्हाच ओळखले होते.

आता आधाराचा हिशेब पाहू. नाटकातील नटास दर प्रयोगास पैसे मिळतात, त्यास ‘नाइट’ म्हणतात. मालिकेतील नटास दिवसाच्या हिशेबाने मिळतात, आणि तेही पुष्कळदा ९० दिवसांनी. यात निवृत्तिवेतन नाही, भविष्यनिर्वाह निधी नाही. ज्या दिवशी काम नाही त्या दिवशी दाम नाही. राज्य शासन वृद्ध साहित्यिक व कलावंतांस मानधन देते. २०२४ साली ते दरमहा ५,००० रुपये ठरविण्यात आले. ही गोष्ट स्वागतार्ह आहे. पण ज्याच्या औषधासच महिन्यास दोन-तीन हजार लागतात, तो या रकमेवर ‘आता बस झाले’ असे म्हणू शकेल काय? इंग्लंडात लंडनच्या नॉर्थवूड भागात १९२६ सालापासून वृद्ध नटांसाठी डेनव्हिल हॉल नावाचे घर आहे. तेथे नट म्हातारपणी नटांच्याच संगतीत राहतात. आपल्याकडे नटाच्या नावाने नाट्यगृह बांधण्याची हौस मोठी. नटास राहण्यासाठी घर बांधण्याची कल्पना अजून रुजलेली नाही.

हे केवळ मुंबईचे दुखणे समजू नका. कंधारच्या शेजारी लोहा तालुक्यात माळेगावची खंडोबाची यात्रा भरते. तेथे तमाशाचे फड उतरतात, लावणीचा महोत्सव होतो. रात्री तंबूत ढोलकी कडाडते तेव्हा आपण पुढच्या रांगेतील तरुण नर्तकींकडे पाहतो. मागे टाळ धरून उभी असलेली पांढऱ्या केसांची बाई एके काळी याच तंबूची मालकीण असावी, हे आपल्या मनातही येत नाही. विठाबाई नारायणगावकरांसारखी राष्ट्रपतींच्या हस्ते गौरविली गेलेली कलावती २००२ साली वारली, तिचे उतारवय हलाखीत गेले. पुढे तिच्या नावाने जीवनगौरव पुरस्कार सुरू झाला. जिवंतपणी भाकर आणि मेल्यानंतर पुरस्कार, यांचा क्रम आपण उलटा करून बसलो आहोत.

तर मग सार काय? नटाच्या निवृत्तीचा दिवस सरकारने ठरवू नये, गरजेनेही ठरवू नये. तो नटाने ठरवावा. आणि त्यास तो मोकळेपणाने ठरविता यावा म्हणून घरात पुरेसे धान्य असले पाहिजे, कामाच्या जागी बसण्यास खुर्ची आणि जवळ वैद्य असला पाहिजे, बारा तासांऐवजी त्यास झेपतील तेवढेच तास त्याच्याकडून मागितले पाहिजेत. ज्याच्या पोटास आधार आहे तोच खऱ्या अर्थाने ‘थांबतो’ किंवा ‘थांबत नाही’ असे म्हणू शकतो. इतरांच्या बाबतीत थांबणे हे ढकलणे असते आणि न थांबणे हे फरफटणे असते.

राहता राहिले तरुण सोबती. त्यांस एवढेच सांगणे आहे की, ज्या वृद्धाचा डबा तुम्ही वाटून खाल्ला, त्याचे काम संपल्यावर त्याच्या दारी जाण्यास चित्रीकरणाचे निमित्त लागू नये. मालिका बंद पडते, आजोबांची खोली दुसऱ्या मालिकेस दिली जाते, आणि रोज बारा तास भेटणारी माणसे महिनोन्‌महिने भेटत नाहीत. निवृत्तीचे भय बहुतेक या दुसऱ्या दिवसाचे भय असते. महिन्यातून एक संध्याकाळ त्या दारी जा. नवा संवाद वाचून दाखवा. ‘येथे शब्द कसा तोडू?’ असे विचारा. तालीम मास्तराची जागा कोणत्याही कंपनीने परत निर्माण केलेली नाही, पण तुम्ही ती एका प्रश्नाने निर्माण करू शकता.

आणि आपण श्रोत्यांनीही आपापल्या घरातील आरामखुर्चीकडे एकवार पाहावे. तेथे बसलेल्या माणसास आपण ‘तुम्ही आता बसा’ असे म्हणालो असू, तर त्यापुढे ‘आणि आम्हांस एवढे सांगा’ हे वाक्य जोडण्यास उशीर झालेला नाही.